लष्कराची जुनी बंदुकीची दारू आणि घरी भरलेली काडतुसं: सुभेदारांना उत्तर

अनगोळकर
परवा बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या सुभेदारांनी लिहिलं की त्यांचा जावई टेक्सासात घरच्या गॅरेजमध्ये रिव्हॉल्व्हरची .३८ मापाची काडतुसं स्वतः भरतो, त्यासाठी लष्कराची सरप्लस (गरजेपेक्षा जास्त झालेली) दारू आठ-आठ पौंडांच्या डब्यांत स्वस्तात घेतो, आणि ‘यात भिण्यासारखं काही नाही, खानापूर भागातले ठासणीवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत’. जावयाचं खरं असेल. ठासणीवाल्यांचं वाक्य मात्र वाचून गप्प बसवेना.

ठासणीत, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीत, काळी दारू भरतात: सोरा, गंधक, कोळसा. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात निर्धूर दारू, नायट्रोसेल्युलोजची. काळी चिमूटभर उघड्यावर पेटवली तर भक्कन उडते. निर्धूर उघड्यावर सावकाश जळते, आणि ते बघून माणसाला वाटतं ही मवाळ. पण तीच कोंडली की दाब चढतो, दाब चढला की ती आणखी जोरात जळते, म्हणून दाब आणखी चढतो. काळ्या दारूच्या मापानं ठासणीत निर्धूर ओतली की नळी फाटते, आणि डावा हात त्या नळीखालीच असतो.

आता सरप्लस. ही दारू बहुधा रायफल-मशीनगनसाठी केलेली, कधी जुनी काडतुसं उकलून काढलेली. तिकडं दुकानात रीतसर मिळणारी दारू कारखाना वेगवेगळे लॉट मिसळून जळण्याच्या एका ठरावीक वेगावर आणतो, म्हणून काडतुसं भरण्याच्या पुस्तकातलं वजन तिला लागू पडतं. लष्कराला त्याची गरज नसते. प्रत्येक लॉटला किती वजन घालायचं हे भरणारा कारखाना दाब मोजून ठरवतो. तो लॉट बाजारात आला की डब्यावर उरतं फक्त ‘अमुक दारूसारखी’. सारखी म्हणजे किती? .३८ स्पेशलच्या दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .३५७ मॅग्नमची ३५,०००. आणि आपल्याकडं परवान्यावर मिळतं ते .३२ रिव्हॉल्व्हर, त्याची १५,०००. चुकायला जागा सर्वांत कमी आपल्याच हातातल्या हत्यारात आहे.

माजी सुभेदार, येळ्ळूर
मी कुणाला इथं काडतुसं भरा म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.
सगळी नोकरी पायदळात गेली, दारू काय असते ते मला शिकवायला नको. जावयाच्या टेबलाशी बसून मी सगळं पाहिलंय. त्याची सरप्लस दारू संथ आणि फुगीर आहे, काडतुसाची पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडते, लगेच कळतं. उलट दुकानातली झटपट जळणारी पिस्तुलाची दारू घ्या. .३८ स्पेशलची पुंगळी १८९८ सालची, काळ्या दारूच्या जमान्यातल्या मापाची. त्यात ही दारू तळाला चिमूटभर बसते. दोनदा पडली तरी वरनं दिसत नाही, आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसं ठेवायच्या सिलिंडरचे तुकडे होतात. मग जास्त धोक्याची कुठली, सांगा की.

अनगोळकर
दोनदा ओतण्याचा मुद्दा बरोबर आहे. तेवढाच.
रायफलची संथ दारू रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत पुरती जळत नाही. न जळलेले दाणे सिलिंडरमध्ये आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली अडकतात, सिलिंडर फिरेनासा होतो. त्याहून वाईट म्हणजे फुसका बार. आवाज बारीक येतो, गोळी नळीतच अडकते, आणि माणूस घाईत पुन्हा घोडा दाबतो. मागून दुसरी गोळी येऊन तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फुटते. तुमच्या जावयाला हे ठाऊक असेल, आवाज वेगळा आला की तो थांबून नळी तपासत असेल. पण इथं तुमचं वाचून जो ‘सोपं आहे’ समजला त्याला कोण सांगणार?

मास्तरीण, टिळकवाडी
रसायनशास्त्र शिकवते, म्हणून एवढंच. वेगाबद्दल दोघेही बोललात, वयाबद्दल कुणीच नाही. नायट्रोसेल्युलोज आपोआप हळूहळू विघटन पावतं. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शोषून घ्यायला डायफिनिलअमाइनसारखा स्टॅबिलायझर घातलेला असतो. तो संपला की आम्ल साठतं, विघटन वेग घेतं, उष्णता वाढते, आणि मोठा साठा काडी न लावता पेटू शकतो. फ्रान्सची ‘इएना’ १९०७ साली आणि ‘लिबर्ते’ १९११ साली तुलोंच्या बंदरात अशाच बिघडलेल्या दारूनं उडाली. आरमाराच्या युद्धनौका होत्या त्या, गॅरेज नव्हे.
चांगल्या दारूला ईथर-अल्कोहोलसारखा वास येतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास, तांबूस वाफ किंवा गंजासारखी धूळ दिसली तर ती दारू मेली. सरप्लस डबा आधी कुठल्या गोदामात, किती उन्हाळे तापला, हे विकणारा सांगू शकत नाही.

माजी सुभेदार, येळ्ळूर
बाई, लष्करात साठ्याची तपासणी होते, नमुने काढून बघतात.

मास्तरीण, टिळकवाडी
होते ना, काका. आणि त्या तपासणीत जो साठा नको झाला तोही सरप्लसमध्ये येतो. जावयाला डबा उघडताना वास घ्यायला सांगा, माझं एवढंच मागणं आहे.

जांबोटीचा शेतकरी
तुम्ही सगळे टेक्सासात फिरूलालाय. इथली गोष्ट ऐका.
माझ्या मामाची ठासणीची बंदूक होती, पीक राखायची, परवान्याची. एका पावसाळ्यात काळी दारू दमट झाली. कुणीतरी काडतुसातनं काढलेली दारू आणून दिली, ‘हीच घाला, अर्ध्यात काम होतंय’ म्हणाला. मामानं अर्धी घातली. नळी टोपीच्या (ठिणगी पाडणाऱ्या कॅपच्या) वर फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि रानडुक्कर ऊस खाऊन निघून गेलं. मामाला हे पीएसआय कळत नव्हतं, पण डोकं होतं वो त्याला. त्याला सांगणारं कुणी नव्हतं.
आणि सांगणारं का नव्हतं? कारण खरी दारू, खरी टोपी, खरं काडतूस सरळ मिळतच नाही. परवाना नूतनीकरणाला कचेरीच्या फेऱ्या, वर इलेक्शन आलं की बंदूक ठाण्यात जमा. २०२३ ला विधानसभा, २९ मार्चला आचारसंहिता. २०२४ ला लोकसभा, १६ मार्चला लागली ती ४ जूनच्या निकालापर्यंत. लागोपाठ दोन उन्हाळे बंदूक ठाण्यात आणि ऊस, मका डुकरांना. भीमगड अभयारण्य आमच्या उशाला आहे, तिकडनं गवेही येतात.

कणबर्गी
शंभर टक्के बरोबर! निवडणूक आयोगाच्या सूचनेत तर छाननी समिती आहे. जामिनावर सुटलेला, गुन्ह्याचा इतिहास असलेला, दंगलीत नाव आलेला, अशांची प्रकरणं बघून मग जमा करून घ्यायचं. इथं सरसकट सगळ्यांना फोन. रताळ्याच्या शेताला राखण करणारा म्हातारा मतदान केंद्र लुटणार आहे काय?

हलग्याची सून
मी विरोधात आहे. आमच्या गल्लीत वरातीत हवेत बार काढताना छर्रे शेजारच्या माडीवर गेले, पोरगं वाचलं ते नशीब. ती बंदूकही ‘पीक राखायचीच’ होती. प्रचाराच्या दिवसांत जेवणावळी, दारू (प्यायची), भांडणं चालतात. त्यात घराघरात बंदूक नको. महिनाभर डुकरांना डबे वाजवा.

जांबोटीचा शेतकरी
डबे वाजवून डुक्कर जातंय म्हणणाऱ्यानं एक रात्र माळ्यावर येऊन बसावं, ताई. जेवण आमच्याकडं.

खडेबाजार
मूळ प्रश्न हा की अर्जच कन्नडमध्ये! पंधरा टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यावेत हे केंद्राचं धोरण. खानापुरात पंधरा टक्के मराठी नाहीत काय? कळत नाही म्हणून माणूस एजंट गाठतो, एजंट पैसे घेतो, नूतनीकरण राहून जातं आणि हत्यार बेकायदा ठरतं.

कणबर्गी
सीमाप्रश्न प्रत्येक धाग्यात आणायलाच हवा का? माझा कन्नड शेजारीही त्याच रांगेत उभा होता, त्याचंही काम झालं नाही.

खडेबाजार
त्याला निदान काय नाकारलं ते वाचता आलं! आमच्या काकांना तेही नाही. तुम्हाला शहरात बसून काय कळणार त्याचं.

अनगोळकर
भांडा, पण वेगळ्या धाग्यावर. इथं काडतुसाचं चाललंय आणि एक गोष्ट राहून जातेय. विनापरवाना काडतूस बनवणं शस्त्र कायद्यात बंदूक बनवण्याच्याच पंगतीत बसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. जांबोटीच्या मामांना ज्यानं काडतुसातली दारू काढून दिली त्याच्याकडं तुमच्यासारख्या जाणत्यांनी बघायला हवं, सुभेदार. ठासणीवाले ‘हेच करत आले’ हे वाक्य तो माणूस ढालीसारखं वापरतो.

माजी सुभेदार, येळ्ळूर
ठासणीवाल्यांचं वाक्य काढून टाकतो. मामांच्या बोटांपुढं बोलायचं नाही. पण जावई अडाणी नाही, आणि एका .३२ काडतुसाला जी किंमत मोजावी लागते ती लूट आहे, हे मी म्हणतच राहणार. सराव केला नाही तर हत्यार घरात ठेवून काय उपयोग? निशाणा न येणारा परवानाधारकही धोकाच आहे. यावर कुणी बोलत नाही.

अनगोळकर
किमतीवर वाद नाही. स्वस्त काडतूस मागा, मी सही करतो.

बैलूरचा
मधेच विचारतो. आजोबांच्या माडीवर पत्र्याचा एक डबा आहे, आत राखाडी चपटे दाणे, चिठ्ठी नाही. वास आंबूस. वडील म्हणतात शेकोटीत टाकून संपवू.

मास्तरीण, टिळकवाडी
शेकोटीत नको, विहिरीत नको, गटारात नको. पुन्हा उघडू नका, हलवू नका, पोरांना माडीवर जाऊ देऊ नका. ठाण्यात लेखी कळवा, स्फोटकं हाताळणारं पथक ते बघतं. दाण्याच्या आकारावरून दारू ओळखता येत नाही, म्हणून इथं फोटो टाकून ‘ही कुठली’ असं विचारूही नका.

बैलूरचा
ठाण्यात गेलो तर आमच्यावरच केस?

माजी सुभेदार, येळ्ळूर
उद्या सकाळी मी येतो तुमच्याबरोबर. अर्ज मराठीत लिहून आणा, कन्नड प्रत खडेबाजारवाले करून देतील, त्यांना एवढं येत असेल तर. वडिलांना सांगा, तोवर माडीचा दरवाजा बंद.

खडेबाजार
येतं. रात्रीपर्यंत पाठवतो. आणि पोच मराठीत मागा.