जुनी ऑक्टाव्हिया आरएस: पेडल दाबल्यावर गाडी उशिरा उचलते

परभणी_आरएस

नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० बीएचपी. रनिंग १ लाख ३८ हजार. तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला पेडल दाबलं की सेकंदभर काहीच होत नाही, मग झटका देऊन पळते. दुपारच्या उन्हात त्रास जास्त. आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) ७५० ते ९०० मध्ये हलतं. चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. एअर फिल्टर आणि प्लग नवे आहेत. गॅरेजवाले टर्बो बदला म्हणायलेत. त्याआधी काय काय तपासून घेऊ?

वाळूज_फिटर

दादा, टर्बोला अजून हात लावू देऊ नका. टर्बो झिजला तर वरच्या आरपीएमला ताकद पडते, शिट्टीचा आवाज बदलतो, निळा धूर दिसतो. आयडलिंग हलणं हे त्याचं लक्षण नाही. इंजिन कुठूनतरी न मोजलेली हवा खायलंय, हा माझा पहिला संशय.

या गाडीत पेडल आणि थ्रॉटलमध्ये (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) केबल नाही, सगळं वायरवर चालतं. म्हणून सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. इग्निशन चालू, इंजिन बंद, गाडीला जोडायच्या स्कॅनरवर ग्रुप ०६२ (चार आकड्यांचा संच) उघडा. पेडल अगदी सावकाश तळापर्यंत न्या. तिसरा आकडा साधारण १२ वरून ९७ टक्क्यांपर्यंत चढला पाहिजे आणि चौथा कायम त्याच्या जवळपास निम्मा. मध्येच आकडा अडकला किंवा उडी मारली तर पेडलचा सेन्सर गेला. ब्रेक लाइटचा स्विचही बघा. तो अधूनमधून चुकीचा सिग्नल देत असेल तर ब्रेक दाबलाय असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थ्रॉटल कमी करतो. हा स्विच स्वस्त आहे, पण गॅरेजमध्ये सगळ्यात शेवटी आठवतो.

थ्रॉटल बॉडी काढून क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. प्लेट बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे आहेत. बसवल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज ठेवून ग्रुप ०६० मध्ये बेसिक सेटिंग द्या (ईसीयू थ्रॉटलची जागा नव्याने शिकतो), "एडीपी ओके" येईपर्यंत थांबा. ते केलं नाही तर साफ केलेली थ्रॉटल बॉडीही चुकीची वागते.

मग इथे ००३ (मोजलेली हवा), ०३२ (ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करतो ती टक्केवारीतली भर-कपात) आणि ११५ (बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब) या ग्रुपचे आकडे टाका. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

लातूर_१८टी

पेट्रोलही हिशोबात धरा. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला (ई२०) साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८-९ टक्के जास्त इंधन. २००५ चा ईसीयू ही भर ट्रिममधून काढतो. जुने रबरी फ्यूएल पाइपही हाताने दाबून बघा, मऊ किंवा चिकट लागले तर बदला.

वाळूज_फिटर

बरोबर, पण ई२० चा परिणाम ०३२ च्या दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे लोडच्या (गाडी ओढतानाच्या) ट्रिमवर दिसतो. आयडलिंगचा पहिला आकडा एकटाच वर असेल तर दोष पेट्रोलचा नाही, हवा गळतीचा.

परभणी_आरएस

०६२ मध्ये पेडल सरळ चढतं. ब्रेक स्विच ठीक. ०३२: आयडल +८.६, लोड +५.५. ००३: आयडलला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) २.१ ग्रॅम/सेकंद, ५८०० आरपीएमला फुल थ्रॉटलवर ११२. ११५: २५०० ला मागणी १५५० मिलिबार, प्रत्यक्षात १३००, ३००० नंतर दोन्ही जुळतात.

लातूर_१८टी

मग टर्बो वाचला. ११२ ला १.२५ ने गुणा, १४० बीएचपीच्या आसपास येतात. टर्बो किंवा एमएएफ गेला असता तर एवढी हवा मोजलीच गेली नसती.

आता दोन जागा बघा. पहिली, आयडलच्या +८.६ साठी, इनटेक मॅनिफोल्डखालचे पीसीव्हीचे (क्रँककेस, म्हणजे इंजिनच्या तळच्या भागातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारे) रबरी पाइप. वीस वर्षांत तेल पिऊन ते फुगतात आणि खालच्या बाजूने फाटतात, वरून दिसत नाही. आरसा घाला, नाहीतर स्मोक मशीन लावा. त्याच रांगेतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघा: एकाच दिशेने हवा गेली पाहिजे. दोन्हीकडून गेली तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि सील तेल गाळायला लागतात.

दुसरी, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे पेडल सोडल्यावर जास्तीचा बूस्ट टर्बोच्या आधी परत सोडणारी झडप. काढा, आतली चकती बोटाने दाबा, वरच्या बारीक नळीवर अंगठा ठेवा आणि चकती सोडा. ती दबलेलीच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर पडदा फाटलाय. मग बूस्ट तयार होता होता मागे फिरतो, पण ती हवा आधीच मोजलेली असल्यामुळे ट्रिम हलत नाही. तुमचा २५०० चा तुटवडा अगदी तसाच दिसतो.

वाळूज_फिटर

सहमत. सोबत बंपरच्या कोपऱ्यातला इंटरकूलरही (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा रेडिएटर) धुऊन घ्या. आपल्याकडची काळी माती त्याच्या जाळीत सिमेंटसारखी बसते. मागून पुढे पाणी मारा, प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पत्रे वाकतील. हवा थंड होत नाही तेव्हा ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, ग्रुप ०२० मध्ये ते दिसतं. परभणीच्या ४२ डिग्रीत दुपारी गाडी जास्त मरगळते त्याचं कारण बहुतेक हेच.

काम झाल्यावर जुने कोड आणि ट्रिम पुसा, ०६० परत करा, ४० किलोमीटर चालवून ०३२ वाचा. आयडल ±३ च्या आत यायला हवं. लोड +४-५ राहिलं तर घाबरू नका, ते ई२० चं. +१० च्या वर गेलं तर फ्यूएल फिल्टर आणि पंपाचा दाब तपासा.