वर्षभर एकटा चालणारा ध्रुवीय डेटालॉगर: बॅटरी कुठली घेऊ?

हिमकण: मंडळी, सल्ला हवाय. अंटार्क्टिकाच्या पठारावर बर्फात वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजून नोंदवणारं यंत्र (डेटालॉगर) बनवतोय, एकदा पुरलं की वर्षभर कोणी फिरकणार नाही. लिथियम आयन बॅटरी, सोलर पॅनेल आणि डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची माळ असा बेत आहे. फ्रीजरमध्ये उणे २० ला दोन दिवस ठेवलं, मस्त चाललं. अजून काय बघू?

सोल्डरधूर: उणे २० काय घेऊन बसलास भाऊ, अंटार्क्टिकातल्याच व्होस्तोक तळावर १९८३ मध्ये उणे ८९.२ नोंदलंय. लिथियम आयन शून्याखाली चार्ज करायचीच नाही, आत धातूचं लिथियम साचतं आणि सेल कामातून जातो, आणि हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही तर पॅनेल काय करणार. लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल घे, परत चार्ज होत नाहीत पण उणे ५५ पर्यंत साथ देतात. पेटी खोल पूर, दहा मीटरवर तापमान वर्षाच्या सरासरीला जवळपास स्थिर असतं. सेन्सरही बदल, डीएसची हद्दच उणे ५५, त्यापेक्षा प्लॅटिनमचा पीटी१०० सेन्सर बरा.

रात्रपाळी: थायोनिलला एक खोड आहे हां. बरेच दिवस पडून राहिला की आत थर धरतो, मग एकदम करंट मागितला की व्होल्टेज बसतं. उपग्रहामार्फत बोलणारा इरिडियम मॉडेम मेसेज पाठवताना अँपिअरच्या वर ओढतो, नेमका तेव्हाच आमचा प्रोसेसर रीसेट व्हायचा आणि आम्ही दोन आठवडे बिचाऱ्या कोडला शिव्या घालत होतो! त्या झटक्यापुरता करंट साठवून द्यायला मध्ये कपॅसिटर लाव, पण साधा इलेक्ट्रोलिटिक नको, थंडीत तो ढेपाळतो.

हिमकण: इरिडियमच का पण?

रात्रपाळी: त्याचे उपग्रह ध्रुवांवरूनच जातात. विषुववृत्तावर एकाच जागी राहणारे भूस्थिर उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाखाली असतात.

गोठलेली_वायर: केबलचं कोणी बोललंच नाही! पीव्हीसीचं आवरण त्या थंडीत वाकवलं की तडकतं, सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचं घे. फ्रीजरऐवजी ड्राय आइसमध्ये (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टेस्ट कर, उणे ७८ मिळतं, फक्त खिडक्या उघड्या ठेव, बंद खोलीत तो गॅस जिवावर बेतेल. आणि जाड हातमोजे घालून पेटीचं झाकण एकदा उघडून लावून बघ, तिकडे उघड्या बोटांनी काम होत नाही.

हिमकण: आत्ताच हातमोजे घालून बघितलं. चारपैकी दोन स्क्रू टेबलाखाली शोधतोय.