हर्गची अँटिबॉडी: १५५ चा बँड गायब, वर नुसता स्मिअर, कुणी वापरलीये का?

पेशीवेडी_पुणे
मंडळी, हर्गच्या वेस्टर्न ब्लॉटने (प्रोटीन जेलमध्ये आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) वैताग आणलाय. एचईके २९३ (माणसाच्या किडनीपासूनच्या पेशी) मध्ये ह्यूमन हर्ग १ए (केसीएनएच२, हृदयातलं पोटॅशियम चॅनल) ची स्टेबल लाइन आहे, म्हणजे जीन कायमचं बसवलेलं. अँटिबॉडी सशातली पॉलिक्लोनल, सी-टर्मिनसच्या पेप्टाइडवर काढलेली. डेटाशीटवर १३५ आणि १५५ किलोडाल्टनला दोन सुबक बँड छापलेत आणि माझ्याकडे वेलच्या (जेलमध्ये सॅम्पल भरायच्या खाचेच्या) तोंडाशी काळा डाग, तिथून खाली स्मिअर आणि ९० च्या आसपास एक ठसठशीत बँड, तो पण ट्रान्सफेक्ट न केलेल्या (हर्गचं जीन न घातलेल्या) एचईकेमध्ये तेवढाच गडद. सर म्हणतात हा तुटलेला हर्गच, ब्लॉकिंग पेप्टाइड (अँटिबॉडी ज्यावर काढली तोच तुकडा) घातल्यावर जातो ना, मग झालं. मला पटत नाहीये. सॅम्पल लॅम्ली बफरमध्ये ९५ अंशाला पाच मिनिटं, १० टक्के जेल, मग जेलमधून मेंब्रेनवर सेमी-ड्राय ट्रान्सफर. नवीन अँटिबॉडी मागवायची तर इंडेंट, तीन कोटेशन, मग परचेसवाल्यांच्या मागे फिरा, तोवर सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर येईल. काय करू?

जेलभरो
अगं उकळू नकोस!! आधी ते बंद कर, अँटिबॉडीला नंतर नावं ठेवू. हर्गचं एकेक सबयुनिट सहा वेळा पेशीच्या मेंब्रेनमधून आरपार जातं, ते सगळे तेलकट भाग ९५ ला मोकळे झाले की एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही, तोच तुझा काळा डाग. ३७ ला अर्धा तास ठेव, डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं) ताजं घाल, झालं. जेल ७.५ टक्के घे, १० मध्ये १३५ आणि १५५ वेगळे दिसणार कसे? आणि एवढ्या मोठ्या प्रोटीनला सेमी-ड्राय नको, वेट ट्रान्सफर, ३० व्होल्टवर रात्रभर कोल्ड रूममध्ये, मिथेनॉल १० टक्क्यांवर आण. प्रोटीएज इनहिबिटर (प्रोटीन तुटू न देणारं) पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये आयत्या वेळी घालायचं, आधी घालून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेलं नाही.

शंकासुर
जेलभरोशी सहमत, पण ९० च्या बँडचं बोलू. एचईकेमध्ये स्वतःचा हर्ग जवळपास नसतोच, म्हणून तर सगळे हर्गसाठी तीच लाइन वापरतात. मग ट्रान्सफेक्ट न केलेल्या पेशीत तुटायला हर्ग आला कुठून? आणि पेप्टाइड ब्लॉकवर लोक फार विसंबतात. त्यातून एवढंच कळतं की अँटिबॉडी तो बँड आपल्या नेहमीच्या जागेनेच धरतेय, पण त्याच जागेने ती दुसरं एखादं प्रोटीनही धरू शकते आणि पेप्टाइडने तेही सुटतं. खरा पुरावा म्हणजे ज्या पेशीत प्रोटीनच नाही तिथे बँड नसणं. तो प्रयोग तू केलेलाच आहेस की, ९० वाला नापास झालाय.

कुणीतरी आता १बी (हर्गचाच दुसरा, आखूड प्रकार) म्हणेल म्हणून आधीच सांगतो. १बी मध्ये पहिल्या ३७६ अमिनो आम्लांच्या जागी स्वतःची ३६ असतात, त्यामुळे तो लहान दिसतो आणि सी-टर्मिनसची अँटिबॉडी त्यालाही धरते. हृदयाच्या टिश्यूमध्ये हा विचार करायलाच हवा. पण तू पेशीत घातलेला सीडीएनए (जीनची प्रत) १ए चा आहे, त्यातून १बी निघणार नाही.

क्यूटी_हैदराबाद
मी ड्रग सेफ्टीमध्ये आहे, आमच्याकडे हर्ग म्हणजे रोजची पोळीभाजी. १३५ वाला ईआरमधला (पेशीत प्रोटीन बनतं तिथला) कच्चा, १५५ वाला पुढच्या टप्प्यातून, गॉल्जीतून, पूर्ण साखर चढवून पृष्ठभागावर आलेला. करंट देतो तो १५५, म्हणून तो दिसल्याशिवाय थांबू नकोस. टर्फेनाडिनसारखं औषध चॅनल थेट बंद करतं, ते पॅच क्लॅम्पमध्ये (चॅनलचा करंट मोजताना) लगेच पकडता येतं, पण पेंटामिडिन रात्रभर ठेवलं की चॅनल वर पोचणंच कमी होतं, तिथे १५५ फिका पडलेला ब्लॉटवरच दिसतो.

खात्री करायची तर दोन गोष्टी. जिवंत पेशींवर बाहेरून प्रोटीनेज के (प्रोटीन कापणारं एंझाइम) सोड, १५५ जायला हवा आणि १३५ तसाच राहायला हवा, कारण तो आत सुरक्षित असतो. दुसरं, लायसेटवर (फोडलेल्या पेशींवर) एंडो एच, म्हणजे कच्ची साखर कापणारं एंझाइम: १३५ थोडा खाली सरकतो, १५५ हलत नाही. ९० वाला दोन्हीत ढिम्म बसला तर सरांना वेगळं काही सांगायला नको.

पेशीवेडी_पुणे
३७ वर केलं!! वेलमधला डाग जवळपास गेला, १५५ आला, खाली १३५ पण. ९० मात्र दोन्ही लेनमध्ये आहेच. प्रोटीनेज के उद्या. पुढे सरफेस बायोटिनिलेशन (पृष्ठभागावरच्या प्रोटीनना बायोटिन लावून वेगळी काढणं) करायचंय, त्यात लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रोटीन भरलंय का ते बघायला) म्हणून पेशीच्या आतलं जीएपीडीएच चालेल ना?

शंकासुर
सरफेसच्या लेनला नाही. तिथे जीएपीडीएच दिसला तर पेशी फुटून बायोटिन आत शिरलंय असं समज, म्हणून प्रोब जरूर कर, पण नॉर्मलाइज सोडियम-पोटॅशियम एटीपीएजवर (पृष्ठभागावरचंच प्रोटीन) कर. तो ११० च्या आसपास येतो, ९० च्या बँडला खेटून, तेव्हा उंदरातली अँटिबॉडी घे आणि ब्लॉटचं मेंब्रेन स्ट्रिप करून (अँटिबॉडी धुऊन) पुन्हा तेच वापरण्यापेक्षा दोन सेकंडरी अँटिबॉडी वेगळ्या रंगाच्या घे. आणि सरांना दाखवताना ट्रान्सफेक्ट न केलेली लेन कापू नकोस, मेंब्रेन अख्खं दाखव.

जेलभरो
आणि व्हायलवरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेव. पॉलिक्लोनल आहे, पुढच्या सशाचं रक्त वेगळं असतं.