नवरदेवाच्या शेजारी कोण उभं राहणार, आणि काय घालून?

मुलाचं लग्न ठरलंय. त्याच्या बाजूला सूट घालून उभ्या राहणाऱ्या मित्रमंडळींवरून घरात तीन आठवडे नुसता खल चाललाय. पाच जण की सहा, इथपासून मोज्यांच्या रंगापर्यंत. तुमच्याकडे कसं निभावलं ते लिहा. फजिती आधी, तीच जास्त कामाची.

*

मीच नवरदेव होतो. सगळ्यांना सांगितलं, "नेव्ही ब्लू घ्या, झालं." सहा जणांनी सहा दुकानांतून घेतला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे निळेच होते हो. उन्हात आलो तर एक जांभळट, एक काळाच, एक नुसता चकाकतोय! फोटोग्राफरनं न बोलता जांभळट कोटाला टोकाला नेऊन उभं केलं. एकसारखं हवं असेल तर सगळ्यांचं कापड एकाच थानातून, एकाच वेळी घ्या. रंगाची खेप बदलली की नंबर तोच असूनही छटा बदलते. नाहीतर ठरवूनच वेगवेगळे रंग घ्या. ‘जवळपास सारखे’ सगळ्यात वाईट दिसतात.

*

मी शिवणकाम करते. फोनवर कळवलेल्या मापांवर कोट शिवायला घेऊ नका. स्वतःची छाती स्वतः मोजताना टेप पाठीमागे खाली घसरते आणि पोट आपोआप आत जातं. दुसऱ्याकडून मोजून घ्या, टेप काखेखालून आडवी सरळ. शिलाईत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, असेल तर कमरेला थोडं सोडता येतं, खांदा चुकला की चुकला. तयार कोट घेताना खांदा तुम्ही बघा, बाकीचं आम्ही बघतो.

*

मला घेतलंच नव्हतं. शाळेपासूनचा मित्र, आणि मला कळलं ते ट्रायलच्या ग्रुप फोटोवरून. वधूकडे चौघी, म्हणून याच्याकडे चौघे, त्यातले तीन चुलत-मावस भाऊ. म्हणजे मी गणितात गेलो. आदल्या रात्री चौघांतला एक तापानं आडवा झाला तेव्हा फोन आला, "येतोस का रे?" गेलो. त्याचा कोट माझ्या अंगावर. बाह्या पार तळव्यावर. त्याच्या आत्यानं त्या आतून दुमडून सेफ्टी पिना लावल्या. त्यातली एक दिवसभर डाव्या मनगटाला टोचत होती, आणि मी हसत फोटो काढून घेत होतो. थोडा राग अजून आहे. फोटो मात्र फ्रेम करून लावलाय.

*

कोणाला विचाराल त्याला खर्च कोणाचा, हे त्याच वाक्यात सांगून टाका. आमच्या एकाची नोकरी नुकतीच गेली होती. तो ‘रजा मिळत नाही’ म्हणाला आणि आम्हाला ते खरं वाटलं. नोकरीच नव्हती, कसली रजा!

*

भावाच्या बाजूनं मी उभी होते, तीन मुलगे आणि मी. सूट नको होता, म्हणून त्यांच्या टायच्या रंगाचा लांब ड्रेस शिवला. सुंदर झाला, पण खिसाच नाही. आणि अंगठ्या माझ्याकडे! रुमालाच्या गाठीत बांधून अख्खा विधी मूठ आवळून उभी. टेलरकडे गेलात की पहिलं वाक्य: खिसा.

*

मी व्हीलचेअर वापरतो. उभ्या मापाचा कोट बसल्यावर मानेशी वर चढतो आणि पोटावर गोळा होतो. माझी मापं बसवूनच घेतली. कोट पुढून आखूड केला, पँट मागून उंच. फोटोच्या वेळी मित्रानं बाकीच्या तिघांनाही स्टुलांवर बसवलं. मला विचारून नाही, सांगूनही नाही. नुसती स्टुलं आली.

*

बारीक गोष्ट. नव्या कोटाच्या मागच्या कापावर फुलीसारखा कच्चा टाका असतो. तो फक्त घडी मोडू नये म्हणून घातलेला असतो, घालण्याआधी कापायचा असतो. आमच्या पाचही जणांच्या पाठीवर फुल्या! नवरा-नवरीच्या मागून काढलेल्या प्रत्येक फोटोत आहेत. दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटणही लावत नाहीत, आम्ही तेही लावलं होतं.

*

ही फुलीची गोष्ट वाचून उठले आणि कपाटातला ह्यांचा लग्नातला कोट काढून बघितला. 28 वर्षं झाली. टाका शाबूत आहे.