भेटवस्तू छोट्या दुकानातून, बाकी सगळं ॲपवरून: याला पाठिंबा म्हणायचा का?

उंबरठा (धागाकर्ती)

कुणाला भेट द्यायची वेळ आली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना एकदम छोटी दुकानं आठवतात. हाताने केलेली वस्तू, दुकानदाराने स्वतः बांधून दिलेला कागद, वर 'छोट्या व्यवसायांना साथ द्या' असं लिहून टाकलेला फोटो. उरलेलं वर्षभर वह्या, साबण, बॅटऱ्या, पुस्तकं, सगळं ॲपवरून.

माझं म्हणणं असं की या पाठिंब्याचा दुकानाला फारसा उपयोग नाही. भाडं दर महिन्याला जातं. गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून नोकराचा पगार थांबत नाही. भेटवस्तूंची खरेदी ठरावीक दिवसांत उसळते आणि ओसरते. त्या गर्दीसाठी दुकानदाराने आधीच पैसे घालून माल भरलेला असतो आणि जो खपत नाही तो पुढे कित्येक महिने पैसे अडकवून फळीवर बसतो. दुकान तगतं ते कंटाळवाण्या खरेदीवर, जिचा कुणी फोटो काढत नाही.

तेव्हा खरंच काही करायचं असेल तर नेहमी लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी ठरवाव्यात आणि त्या कायम एकाच स्वतंत्र दुकानातून, घासाघीस न करता घ्याव्यात. भेटवस्तू मग हवी तिथून आणा.

(अमेरिकेत २०१० साली 'छोट्या दुकानांचा शनिवार' सुरू केला तो अमेरिकन एक्सप्रेसने, म्हणजे दर व्यवहारामागे दुकानदाराकडूनच टक्के कापून घेणाऱ्या कार्ड कंपनीने. त्यातली गंमत सोडा, पण वर्षातला एक दिवस पाळून हात झटकायची सवय तीच.)

हिशेबी

असहमत, आणि तेही नेमकं उलट्या बाजूने. रोजची खरेदी हीच अशी जागा आहे जिथे लोकांना दर पाहावा लागतो. बेताच्या कमाईच्या घरात साबण कुठून आणायचा यात विचारधारा आणू नका. साखळी दुकानं घाऊक घेतात म्हणून स्वस्त देतात आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांच्या खिशात कमी आहे त्यांनाच होतो. दोन पैसे जास्त मोजून बरं वाटून घेणं ज्यांना परवडतं त्यांनी ते भेटवस्तूत करावं. तिथे तसंही कुणी किलोचा भाव बघत नाही.

दुसरं, 'छोटं' म्हणजे आपोआप 'भलं' हे कुणी ठरवलं? छोट्या दुकानात घरातली माणसं बिनपगारी राबतात, नोकराला रजा नसते, पगाराची पावती नसते. मोठ्या कंपनीला निदान कायदा धरता येतो.

काकदृष्टी

पैशाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००२ मध्ये एक अभ्यास झाला होता. शंभर डॉलरची खरेदी साखळी दुकानात केली तर त्यातले साधारण १३ त्या शहरात फिरत राहतात, स्थानिक दुकानात केली तर ४५, असं त्यात निघालं. कारण साधं आहे. स्थानिक मालकाचा नफा गावात खर्च होतो, त्याचा हिशेबनीस गावातला असतो, पाटी रंगवणाराही गावातला. साखळीचे हिशेब, जाहिरात, खरेदी सगळं मुख्यालयात.

हिशेबी

तो अभ्यास मलाही माहीत आहे. त्यातली स्थानिक दुकानं म्हणजे एक पुस्तकांचं आणि एक संगीताचं. तेवढ्यावरून लोक जगभरच्या सगळ्या दुकानांना १३ आणि ४५ चिकटवत सुटलेत. ज्या दुकानात माल बाहेरून येतो आणि नफ्याचं प्रमाण अगदी पातळ असतं, तिथे विक्रीचा बहुतेक पैसा घाऊक व्यापाऱ्यामार्फत गावाबाहेरच जातो, पाटीवर नाव कुणाचंही असो. आणि प्रत्येक गावाने 'आमचा पैसा आमच्याकडेच' म्हटलं तर शेजारच्या गावाला विकणाऱ्या तुमच्याच कारागिराचं काय? त्याचं गिऱ्हाईक बाहेरचं आहे.

काकदृष्टी

आकडा प्रत्येक दुकानाला लागू नाही, मान्य. पण दिशा चुकीची आहे असं तुम्ही अजून दाखवलेलं नाही. आणि कारागिराचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. स्वतंत्र मालकाकडून घ्या एवढंच म्हणणं आहे, तो शेजारच्या गावचा असला तरी चालेल.

मागच्या_बाकावरून

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की दुकानात जाणं सगळ्यांना सारखंच सोपं आहे. मी चाकांच्या खुर्चीत आहे. बहुतेक छोट्या दुकानांना दोन-तीन पायऱ्या असतात आणि आतली वाट एका माणसाच्या रुंदीची. बाहेर थांबून हाक मारायची, मग मालक जे आणून दाखवेल त्यातून निवडायचं. ॲपवर मी सगळा माल बघते, हवा तेवढा वेळ घेते.

शिवाय ओळखीच्या दुकानाचा एक तोटा कुणी बोलत नाही: ओळख. काही औषधं, काही वस्तू माणसाला अनोळखी ठिकाणीच घ्याव्याशा वाटतात. 'काय, आज हे कशाला?' हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी तो प्रश्नच असतो.

पाणकावळा

+१. त्यात सुट्टे नाहीत म्हणून नको असलेली वस्तू गळ्यात मारणारेही आहेत. माल परत घ्यायची वेळ आली की सगळी आपुलकी संपते.

गल्ल्यामागून

मी लेखनसामग्रीचं दुकान चालवतो, म्हणून थोडं सविस्तर.

उंबरठाताई, तुमचं निम्मं पटलं. नेहमीच्या गिऱ्हाइकामुळे मला कळतं की अमुक वही महिन्याला किती लागते. तेवढीच मागवतो, पैसे अडकत नाहीत, घाऊकवाल्याची उधारी वेळेवर फिटते आणि म्हणून तो पुढचा माल देतो. ही साखळी तुटली की फळ्या रिकाम्या दिसतात, आणि रिकाम्या फळ्या बघून उरलेलं गिऱ्हाईकही जातं. बंद पडणारं दुकान बहुधा असंच हळूहळू बंद पडतं.

पण 'भेटवस्तू कुठूनही आणा' हे नाही पटलं. नेहमीच्या वहीत मला फार थोडं सुटतं, कारण तिचा भाव सगळ्यांना पाठ असतो. चांगलं पेन, हाताने बांधलेली रोजनिशी यात सुटतं, आणि वहीची कसर तिथे भरून निघते. वहीने दुकान उघडं राहतं, पेनाने घर चालतं. एकच पाय ठेवून चालायला सांगू नका.

हिशेबी, तुमच्या नोकराच्या मुद्द्यावर: माझ्याकडच्या मुलीला पगारी सुट्टी आहे. सगळीकडे नसते हे खरं. मग दुकान निवडताना तेही विचारा की. साखळीच्या काउंटरवर कधी विचारलं होतं?

आणि एक विनंती. दया म्हणून येऊ नका. जे हवं होतं आणि माझ्याकडे नव्हतं, ते सांगून जा. बहुतेक वस्तू मी मागवून देऊ शकतो, पण लोक 'नाही का? बरं' म्हणून निघून जातात आणि दारातच फोन काढतात. हातात घेऊन, लिहून बघून मग त्याच पेनाचा फोटो काढून ऑनलाइन मागवणारेही रोज येतात. ते पेन दाखवायला ठेवण्याचा खर्च माझा.

हिशेबी

विचारलं नव्हतं, कारण तिथे ते कायद्याने बघायचं असतं. दुकानादुकानात जाऊन नोकराच्या रजा विचारणं हे गिऱ्हाइकाचं काम कधीपासून झालं? सगळा भार खरेदी करणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर टाकायचा, हाच तर माझा या धाग्यावर मूळ आक्षेप आहे.

आणि भेटवस्तूंचं अर्थशास्त्रही बघा. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारून काढलं होतं की नाताळच्या भेटींना घेणारा जी किंमत देतो ती देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी असते. त्यात दुकान वाचवायचं म्हणून निवडलेली भेट! घेणाऱ्याच्या आवडीऐवजी दुकानाची गरज बघितली, तर वस्तू कपाटात जाणार हे नक्की.

उंबरठा (धागाकर्ती)

हिशेबी, कपाटात जाणारी भेट ॲपवरूनही तेवढीच येते. उलट जो दुकानदार घेणाऱ्याला ओळखतो तो 'हे त्यांच्याकडे आहे, दुसरं बघा' असं सांगू शकतो. मागच्या_बाकावरून यांना जी ओळख खुपते तीच इथे कामाला येते, दोन्ही खरं आहे. पायऱ्यांबद्दल मात्र त्यांच्याशी वाद नाही. दुकानात शिरताच येत नसेल तर 'साथ द्या' म्हणण्याचा हक्क दुकानाला नाही.

काकदृष्टी

कायद्याचा विषय निघालाच आहे तर फ्रान्स बघा. १९८१ च्या कायद्याने तिथे पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कुणीही ५ टक्क्यांहून जास्त सवलत देऊ शकत नाही, दुकान केवढंही असो. म्हणजे वाचकाला सदसद्विवेकाची परीक्षा द्यावीच लागत नाही, दोन्हीकडे भाव जवळपास तोच. पुढे ऑनलाइन विक्रेत्यांनी मोफत घरपोच सुरू केलं, २०१४ मध्ये त्यावर बंदी आली, तर त्यांनी घरपोचचा आकार ठेवला एक सेंट! शेवटी २०२३ पासून ३५ युरोंच्या आतल्या मागणीवर किमान ३ युरो घ्यावेच लागतात.

पाणकावळा

म्हणजे शेवटी वाचकाच्याच खिशातून.

काकदृष्टी

हो, खिशातूनच. दुकान फुकटात टिकतं असं कुणी म्हटलंय?

हिशेबी

मग तेवढं उघड म्हणा. 'भेट द्या, प्रेम द्या' या भाषेत गुंडाळू नका. आणि साबणाला, बॅटरीला असा कायदा करून दाखवा, मग लोक किती वेळ तुमच्या बाजूने राहतात ते बघू.

गल्ल्यामागून

साबणाला कायदा नको, मला तर नकोच. मोठ्या खरेदीदाराला कंपनी जो दर देते तोच मला देते का, एवढं बघणारा कुणी असला तरी पुष्कळ. ॲपवर वही ज्या भावाने विकली जाते, त्या भावात कधी कधी ती मला घाऊकमध्येही मिळत नाही. यावर गिऱ्हाइकाने काय करायचं, सांगा.