मदत हवी: घरी बांधलेलं मारुती ८०० चं इंजिन ३४० किलोमीटरवर जाम झालं

नमस्कार मंडळी.

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच-२९ पासिंग. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतो. शेतीपंपाच्या मोटारी भरणं (जळालेलं वाइंडिंग नव्याने करणं) हा माझा धंदा. विहिरीवरची डिझेल इंजिनंही बरीच खोलून बांधली आहेत, त्यामुळे पाना धरायची भीती नाही. कारचं पूर्ण इंजिन मात्र पहिल्यांदाच खोललं. बांधलं, एका दमात सुरू झालं, ३४० किलोमीटर चाललं आणि परवा भर रस्त्यात जाम झालं. आता पुन्हा पैसा घालायच्या आधी मला एवढंच कळायला हवं की नेमकं चुकलं कुठं. थोडं लांब लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगणार.

मार्चपासून निळा धूर वाढला होता. ५०० किलोमीटरला लिटरभर ऑईल खात होती. गावात एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही पावसाळ्यात नाल्याला पूर आला की येत नाही. आईला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून तुरीच्या पैशातले २८ हजार बाजूला काढले आणि एप्रिलमध्ये इंजिन खाली उतरवलं.

ब्लॉक, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) आणि रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे) यवतमाळच्या एका वर्कशॉपला दिले. तिन्ही सिलिंडर ०.५० ला बोअर केले, म्हणजे आतून कापून ६८.५ चे ६९ मिलिमीटर. क्रँक घासून एक साइझ उतरवला, ०.२५ मिलिमीटर. नवे पिस्टन त्यांनीच रॉडवर चढवून दिले. रिंगा, मेन आणि बिग एंडचे शेल (क्रँक ज्यांत फिरतो ती अर्धगोल बेअरिंगं; मेनचे ब्लॉकमध्ये, बिग एंडचे रॉडच्या खालच्या टोकात), ऑईल पंप, हेड पॅकिंग, टायमिंग बेल्ट असं सगळं नवीन घेतलं. शेलच्या डब्यावर ०.२५ लिहिलेलं मी दोनदा पाहून घेतलं.

बांधणी गोठ्यात केली. गोठ्याला दोनच भिंती आहेत आणि मे महिन्यात आमच्याकडे दुपारी वावटळ उठली की धूळ कुठून कुठे जाते ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. म्हणून काम पहाटे पाच ते साडेआठ एवढंच करायचो. उरलेला दिवस ब्लॉकवर आईचं जुनं लुगडं ओलं करून टाकलेलं असायचं. ब्लॉक पेट्रोलने धुतला, ऑईलच्या भोकांतून हवा मारली. टॉर्क पाना ओळखीच्या ट्रॅक्टर मिस्त्रींकडून आणला आणि पुस्तकात दिलेल्या आकड्यानेच सगळं आवळलं. प्रत्येक कॅप (शेलला दुसऱ्या बाजूने धरणारा, बोल्टने आवळायचा अर्धा भाग) आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहत होतो. दोन नंबरच्या रॉडची कॅप आवळली तेव्हा क्रँक जरा जड झाला. नवं काम आहे, मोकळं होईल, असं समजून पुढे गेलो. चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) बसवताना पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलं.

पहिल्या स्टार्टला ऑईलची बत्ती विझायला आठ-नऊ सेकंद लागले. नंतर बत्ती कधी लागली नाही. १५० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदलला. त्या ऑईलमध्ये बारीक चमक होती. नव्या रिंगा घासून बसतात तेव्हा थोडी येतेच असं ऐकलं होतं, म्हणून मनावर घेतलं नाही. आता वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं.

आता परवाचं सांगतो. मृगाचा एक चांगला पाऊस येऊन गेला होता. बाबा आणि मी दारव्ह्याहून डीएपीच्या दोन बॅगा आणि बियाणं घेऊन निघालो. सहा-सात किलोमीटर झाले आणि खालून टक टक टक असा आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर सोडला की वाढायचा, दाबला की दबायचा. बाबा म्हणाले, "काहून रे, हा आवाज पयले नोयता." मी म्हटलं टॅपेटचा असेल, घरी जाऊन पाहू. पुढे एक चढ आहे, तिथे आवाजाचा ठोका झाला. घणाने लोखंड ठोकावं तसा. ऑईलची बत्ती मिणमिणली आणि दोनशे मीटरवर खाडकन आवाज होऊन गाडी जागीच थांबली. चाकांनी रस्ता खरवडला. आवाज सुरू झाल्यापासून मी चार किलोमीटर गाडी चालवली होती, हे खरं खरं लिहून ठेवतो.

ट्रॅक्टरला नाडा बांधून घरी आणली. बाबा रागावले नाहीत. गोठ्याच्या दारात उभे राहून एवढंच विचारलं, "आता आईले दवाखान्यात कसं नेतं?" त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

काल चेंबर उतरवला. ऑईल परातीत काढलं तर जरीच्या लुगड्यासारखं चमकत होतं. दोन नंबरचे बिग एंड शेल दोन्ही एकाच बाजूला, एकमेकांवर चढलेले, कागदासारखे पातळ झालेले. शेल जागेवर धरणारी बारीक जीभ कापली गेलेली. क्रँकची ती पिन (रॉड ज्यावर बसतो तो गोल भाग) निळी-जांभळी पडली आहे आणि तिच्यावर बोटाला लागतील असे ओरखडे आहेत. तीन नंबरचे शेल कडांना घासलेले आहेत, मधे ठीक. एक नंबर नव्यासारखा. मेनच्या शेलवर बारीक रेघा आहेत. आणि ऑईल पंपाच्या जाळीत सिलिकॉनचे दोन तुकडे सापडले, एक तांदळाच्या दाण्याएवढा, एक त्याहून मोठा.

माझा संशय सिलिकॉनवर आहे. पण जाळी निम्म्याहून जास्त उघडी होती, आणि तेल कमी पडलं असतं तर तिन्ही रॉड सारखेच जायला हवे होते ना? एकच का गेला? वर्कशॉपवाले म्हणतात आमचं माप बरोबर आहे, तुम्ही बांधताना घाण केली. मला कोणावर ठपका ठेवायचा नाही, कारण कळलं पाहिजे. क्रँक आणि रॉड वाचतील का, की दुसरं अर्धं इंजिन (हेडशिवायचा जुना ब्लॉक, क्रँक-पिस्टनसकट) पाहावं, हेही सांगा.

प्रतिसाद (अकोला)

भाऊ, मी पंचवीस वर्षं इंजिन बोअरिंगच्या कामात काढली. तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: दोन नंबरची कॅप आवळली तेव्हा क्रँक जड झाला. नव्या कामात पिस्टनच्या रिंगांमुळे क्रँक थोडा थोडा जड होत जातो, ते वेगळं. पण एखादी कॅप आवळल्याबरोबर फरक पडतो आणि ती ढिली केली की क्रँक मोकळा होतो, तेव्हा त्या शेलमध्ये जागा नसते. अशा छोट्या पेट्रोल इंजिनात पिन आणि शेल यांच्यामध्ये साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर फट लागते. त्या फटीत तेलाचा थर राहतो आणि पिन त्या थरावर फिरते. थर तुटला की शेल पिनेला चिकटतो, जीभ कापून तिच्यासोबत फिरतो, आणि मग तुम्ही पाहिलं ते होतं.

आता मला एक सांगा. रॉडच्या कॅप कोणत्या रॉडच्या होत्या, हे बांधताना तुम्हाला नक्की माहीत होतं का? रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात जोडूनच बोअर करतात. म्हणून एका रॉडची कॅप दुसऱ्याला बसते, बोल्टही लागतात, पण भोक गोल राहत नाही. जोडाच्या जागी पायरी पडते आणि शेल तिथे पिनेला चिमटा काढतो. दोन नंबर गेला, तीन नंबर कडांना घासला, एक नंबर नव्यासारखा. हे वाचून मला कॅपांची अदलाबदल दिसते.

सिलिकॉनने मदत केली असेल, सुरुवात त्याने केली असं मला वाटत नाही. पण पुढच्या वेळी पातळ एक रेघ आणि तीही एकाच बाजूला. जास्तीचं सिलिकॉन बाहेर दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं.

धागाकर्ता

दादा, हे मी वर लिहिलंच नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. खोलताना मी कॅपांवर मार्करने १, २, ३ लिहिलं होतं. वर्कशॉपमधून परत आल्या तेव्हा तिन्ही कॅप वेगळ्या पिशवीत होत्या, पेट्रोलने धुतलेल्या, शाई गेलेली. दिसायला तिन्ही एकसारख्या. मी अंदाजाने बसवल्या. आज रात्री लाईट आली की पाहतो.

प्रतिसाद (वर्धा)

अकोल्याच्या दादांनी मुळावर बोट ठेवलं आहे, मी पुढच्या कामाचं सांगतो. निळी पडलेली पिन नुसती घासून दुसऱ्या साइझला उतरवू नका. पोलाद एवढं तापलं की वरचा कडकपणा जातो आणि बारीक तडे जातात, ते डोळ्याला दिसत नाहीत. आधी क्रॅक तपासून घ्या आणि क्रँक वाकला नाही ना तेही डायल गेजवर बघा. दोन नंबरचा रॉड मात्र ठेवू नका. शेल त्याच्या आत फिरला म्हणजे त्याचं भोक गेलं.

फिल्टर करवतीने कापा आणि आतला कागद उलगडून बघा. तो धातूने भरला असेल तर फिल्टरचा बायपास उघडून तेच तेल न गाळता पुढे गेलं असणार. मग ब्लॉकच्या ऑईल गॅलरीचे (आतल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून लांब ब्रशने घासल्याशिवाय काहीही बांधू नका. पंपही खोलून आतल्या गिअरवर ओरखडे आहेत का ते बघा, नवीन आहे म्हणून सोडू नका. क्रँकच्या आतल्या तेलाच्या वाटाही बारीक तारेने साफ करा, पिनेतला भुगा तिथेच अडकून बसतो आणि नव्या शेलला खातो.

आणि एक, तुम्ही ब्लॉक फक्त पेट्रोलने धुतला म्हणता. बोअर आणि होनिंगनंतर राहिलेली दगडाची पूड पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि ब्रश. पांढरं फडकं सिलिंडरमधून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, लगेच सुकवायचं आणि ऑईल चोळायचं. मेनच्या शेलवर बारीक रेघा दिसल्या त्या मला तरी यामुळेच वाटतात.

प्रतिसाद (यवतमाळ)

अर्धं इंजिन भंगारातून घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. तो आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो. विकणाऱ्याकडून पक्की पावती आणि त्या इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. १९९८ ची गाडी आहे, पुढच्या पासिंगला नंबर जुळला नाही तर तुमचेच हेलपाटे होतील. तुमचा ब्लॉक चांगला असेल तर तोच ठेवा असं माझं मत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री अकरा वाजता लाईट आली, तेव्हापासून बघत बसलो होतो.

दोन नंबरच्या रॉडवर त्याची कॅप शेल न घालता बसवली, बोल्ट हाताने आवळले आणि जोडावरून नख फिरवलं. नख अडकतं. आतल्या बाजूलाही अडकतं आणि बाहेरच्या कडेलाही. तीन नंबरचंही तसंच. मग दोनची कॅप तीनला आणि तीनची दोनला लावली. नख सरळ गेलं. मशीनच्या बारीक रेघासुद्धा रॉडवरून कॅपवर सलग जुळल्या, दोन्हीकडे. एक नंबर आधीपासूनच जुळत होता. बाबा कंदील धरून उभे होते, त्यांनाही नख लावून पाहायला दिलं. त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे खरं हाय. एवढ्याशा पायरीनं इंजिन गेलं."

दादा, तुमचं म्हणणं तंतोतंत बरोबर निघालं. वर्कशॉपवाल्यांचं बोअरचं मापही आज ओळखीच्या मिस्त्रींनी मोजून पाहिलं, ते बरोबर आहे. मी त्यांना फोन करून तसं सांगितलं. कॅप त्यांनी सुट्या दिल्या हे खरं, पण अंदाजाने बसवल्या त्या मी. आता सेंटर पंच आणून रॉडवर आणि कॅपवर, दोन्हींवर, एकाच बाजूला ठिपके मारले आहेत.

फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांत राखाडी चिखल आणि चमकणारे कण आहेत, त्यामुळे गॅलरीचे प्लग काढणार. ब्लॉकला तडा नाही, सिलिंडरला उभ्या रेघा नाहीत, म्हणून ब्लॉक हाच ठेवतो. दोन नंबरचा पिस्टन हेडला लागल्याची खूण नाही.

आता अडलंय ते क्रँकवर. मंगळवारी पेरणी आटोपली की क्रँक घेऊन निघतो. अमरावतीत किंवा नागपुरात क्रँकचा क्रॅक तपासून देणारं वर्कशॉप कोणाच्या अनुभवातलं असेल तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे दुकानाचं नाव नको. आणि दुसरा प्रश्न, रॉड एकच जुना-चांगला घेतला तर चालेल की तिन्हींचं वजन जुळवूनच घ्यावे लागतात? माझ्याकडे ग्रॅमचा काटा आहे. आईची पुढची तारीख २८ ची आहे, तोवर शेजारच्या काकांची गाडी मिळाली आहे, म्हणजे मला घाई करायचं कारण नाही.