वाय-फाय चालू, पण ठरावीक साइट आणि अ‍ॅप उघडत नाहीत : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे

वाय-फाय पूर्ण बंद पडलं तर फार डोकं लावावं लागत नाही. बॉक्सवरचा 'लॉस'चा दिवा लाल होतो, केबलवाल्याला फोन जातो, कुठल्या तरी खोदकामात फायबर तुटलेली असते, ती जोडली की झालं. खरा त्रास अर्धवट बंद पडल्यावर होतो. यूट्यूब सुसाट, आणि बँकेचं पान नुसतं फिरतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो अडकतो. कस्टमर केअरला सांगावं तर ते स्पीड टेस्ट करायला लावतात, शंभरच्या प्लॅनला शंभर येतात आणि तक्रार निकाली निघते.

या तक्रारीचा स्पीडशी बहुतेक वेळा संबंधच नसतो, आणि तरी ती खरी असते. घरातल्या ज्येष्ठांना 'तुम्हालाच नीट जमत नाही' असं ऐकावं लागतं ते याच प्रकारात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. एक विनंती आहे: काय उघडत नव्हतं हे आपण सगळेच सांगतो, काय उघडत होतं तेही लिहा. कोणाच्या फोनवर, वाय-फायवर की डेटावर, तेही. माझ्या मते कारण त्या उघडणाऱ्या गोष्टींमध्येच सापडतं.

सुरुवात मी करते. आम्ही कंपनीच्या बॉक्सला स्वतःचा राउटर जोडला आणि युजरनेम-पासवर्डचं डायलिंग, म्हणजे पीपीपीओई, त्या राउटरवर घेतलं. गूगल, यूट्यूब उत्तम चाललं. बँक, वीजबिल, मुलीच्या कॉलेजचं पोर्टल मात्र उघडेना. एरर येत नव्हती, पान तसंच थांबून राहायचं. घरातल्या सगळ्या फोनवर तेच, आणि डेटावर गेलं की लगेच उघडायचं. म्हणजे फोन सुटले, साइट सुटल्या, उरला राउटर.

निघालं एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा. (नेटवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते, तो एक तुकडा म्हणजे पॅकेट.) साध्या इथरनेटवर एका पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइट असतो. पीपीपीओईमध्ये त्यातले ८ बाइट वेष्टनात जातात, उरतात १४९२. पलीकडच्या सर्व्हरने १५०० चं पॅकेट पाठवलं तर वाटेतल्या यंत्राने 'मोठं आहे, लहान करून पाठव' असा निरोप परत द्यायचा असतो. हा निरोप आयसीएमपी या निरोपांच्या पद्धतीने जातो आणि बऱ्याच ठिकाणच्या फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या राखणदार यंत्रणा, आयसीएमपी सरसकट अडवतात. मग सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, दारातून न मावणारं कपाट ढकलत राहावं तसं. सुरक्षित पान उघडताना सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे साइटचं ओळखपत्र, अगदी सुरुवातीला येतं आणि ते काही हजार बाइटचं असतं, त्यामुळे पान पहिल्याच पायरीवर अडकतं. गूगल आणि यूट्यूब मात्र क्रोममध्ये बहुधा क्विक या पद्धतीने चालतात. त्यात पॅकेट मुळातच लहान ठेवतात, म्हणून ती निसटतात.

तपासायला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (उत्तर येतं का बघणारी हाक) द्यायचा, सोबत मायनस एफ (तुकडे करू नको) आणि मायनस एल (आकार). माझ्याकडे १४७२ ला उत्तर आलं नाही, १४६४ ला आलं. त्यात हेडरचे २८ मिळवले की बरोबर १४९२. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये १५०० होतं तिथे १४९२ केलं आणि बँक उघडली. ज्यांनी स्वतःचा राउटर घेतलाय त्यांनी हे आधी बघा.

नाशिक

ताई, माझ्याकडे सगळं तुमच्या उलट. फक्त माझ्याच फोनवर अडायचं. कुरिअरच्या मेसेजमधली लिंक उघडायची नाही, किराणाच्या अ‍ॅपमध्ये कूपनवर टिचकी मारली की पांढरं पान. ह्यांच्या फोनवर, त्याच वाय-फायवर, तीच लिंक झटक्यात उघडायची. मी केबलवाल्याला बोलावणारच होते. भाचा म्हणाला, मामी, आधी वाय-फाय बंद करून डेटावर बघ. डेटावरही उघडली नाही! म्हणजे राउटरचा काही संबंधच नव्हता.

सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' म्हणून एक जागा असते, अँड्रॉइड ९ पासून. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. तिथे जाहिराती अडवणाऱ्या एका सेवेचं नाव भरलेलं होतं. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून धाकट्या दिरांनी कधीतरी टाकून दिलं होतं आणि जाहिराती खरोखर बंदही झाल्या होत्या. पण कुरिअरच्या आणि कूपनच्या लिंका आधी कुठल्या तरी मोजदाद करणाऱ्या पत्त्यावरून जातात, तो पत्ताच ही सेवा अडवते. 'ऑटोमॅटिक' केलं, सगळं सुरू. जाहिराती परत आल्या, त्या मी सहन करते.

हिंजवडी, नेटवर्कचं काम करतो

नाशिकच्या मामींचं सेटिंग आणखी एका प्रकारे फसवतं. तिथे सेवेचं नाव भरलेलं असेल आणि ती सेवा काही कारणाने पोचेनाशी झाली, तर अँड्रॉइड दुसऱ्या कोणाला विचारत नाही. वाय-फाय जोडलेलं दिसतं आणि खाली 'इंटरनेट नाही'. पत्त्याची ही चौकशी ८५३ या पोर्टवरून, म्हणजे ठरलेल्या दारातून, जाते. ऑफिस-कॉलेजच्या नेटवर ते बंद असलं की घरी चालणारा फोन तिथे गप्प.

माझा अनुभव आयपीव्ही६ चा. नेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. सासरी टीव्हीवरचं एक अ‍ॅप उघडत नव्हतं, पण लॅपटॉपवर त्याच कंपनीची साइट उघडत होती, किंचित अडखळून. तो अडखळाच महत्त्वाचा. आजचे ब्राउझर आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ दोन्ही वाटा जवळजवळ एकदम चाचपतात, जी आधी लागेल ती धरतात. टीव्हीवरची सगळी अ‍ॅप एवढी तयारीची नसतात, काही एकाच वाटेवर वाट बघत बसतात. घरात आयपीव्ही६ चा पत्ता मिळत होता, पण पुढे कंपनीच्या नेटवर्कमध्ये रस्ता तुटलेला होता. राउटरवर आयपीव्ही६ तात्पुरतं बंद केल्यावर अ‍ॅप लगेच उघडलं. हे बंद करणं फक्त निदानासाठी, हे मी आग्रहाने सांगतो. तो पुरावा घेऊन कंपनीकडे तक्रार करावी आणि दुरुस्त झालं की परत चालू करावं. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडल्यामुळे आज बरीच घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली असतात. त्यातल्या एका घरातून उपद्रव झाला तरी एखादी साइट त्या सगळ्यांना अडवते किंवा सारखी चित्रं ओळखायला लावते.

सातारा, निवृत्त शिक्षक

माझा अनुभव जुन्या आयपॅडचा आहे. पहिल्या पिढीतला आयपॅड मिनी, आयओएस ९.३ च्या पुढे जात नाही. ३० सप्टेंबर २०२१ नंतर त्यावर विचित्र प्रकार सुरू झाला. मोठ्या वर्तमानपत्रांची पाने उघडत. लहान नियतकालिके, ट्रेकिंगच्या गटांची पाने, एका गणिताच्या शिक्षकांचा सुंदर ब्लॉग, हे सारे 'सुरक्षित जोडणी होत नाही' म्हणून अडे. घरातील इतर फोनवर त्याच वाय-फायवर सर्व व्यवस्थित.

पुतणीने समजावले ते असे. लहान साइट बहुधा 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र वापरतात. ते ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर जुन्या उपकरणांत मान्य होत असे, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नवे मूळ प्रमाणपत्र आयओएस १० पासून आहे, माझ्या उपकरणात नाही. तिने ते बाहेरून बसवून दिले आणि माझे ब्लॉग परत आले. बँकेचे व्यवहार मात्र मी त्या आयपॅडवर करत नाही, कारण त्याला सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत. जुने यंत्र वाचनापुरते ठेवावे, या मताचा मी आहे.

अकोला

सरांच्या अनुभवाला जोडून: बाबांच्या जुन्या पीसीवर एकही सुरक्षित साइट उघडेना, तेव्हा कोपऱ्यातली तारीख बघितली. कित्येक वर्षं मागे गेली होती, म्हणून प्रमाणपत्रांच्या मुदती जुळत नव्हत्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की असं होतं. घड्याळाच्या दुकानात मिळतो.

कोल्हापूर, पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो

कधी दोष घरात नसतोच. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांना व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उतरवून घ्यायला सांगितलं. निम्म्यांना साइट उघडली, निम्म्यांना नाही. काही जणांनी राउटर रीसेट करून पासवर्डही घालवले. फेब्रुवारी २०२२ पासून व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट भारतात अडवलेली होती, पण सगळ्या इंटरनेट कंपन्यांकडे नाही, म्हणून एकाच वर्गात दोन तऱ्हा. पुढे इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने व्हिडिओलॅनने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली.

मला काळजी वाटली ती वेगळ्या गोष्टीची. मूळ साइट उघडत नाही म्हटल्यावर मुलं भलत्याच साइटवरून तेच नाव असलेली फाइल उतरवत होती. अडलेल्या साइटपेक्षा हे जास्त धोक्याचं.

ठाणे

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते का? नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही गेलं, सहाएक तास. आमच्या अख्ख्या मजल्याने राउटर बंद-चालू केले. बाकी सगळं उघडत होतं. एकाच मालकाच्या गोष्टी एकदम गेल्या तर आपल्या घरात काही शोधू नये.

फोंडा, गोवा

मी भाषांतराचं काम करते, माझं बहुतेक काम युरोपातल्या एका ग्राहकाच्या पोर्टलवर. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, आपल्याकडच्या सगळ्या साइट नेहमीसारख्या आणि ते पोर्टल मात्र मरणाचं हळू, फाइल चढता चढता तुटायची. केबलवाला येऊन बिचारा वायर बदलून गेला. ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी तपासणी) केला तर उशीर देशाबाहेर पडल्यावर सुरू होत होता. ६ सप्टेंबरला लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या होत्या, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर तेच पोर्टल बरं चाललं, कारण तिचा रस्ता वेगळा. तेव्हापासून कामाच्या मुदती असतात त्या आठवड्यात वेगळ्या कंपनीचं सिम जवळ ठेवते.

न्यू जर्सी

आमचं दुखणं परदेशातल्यांना ओळखीचं असेल. सांगलीच्या घराची कामं इथून करायची, तर भारतातली काही सरकारी पानं इथल्या वाय-फायवर उघडतच नाहीत. बातम्या, रेल्वेच्या चौकशा, बाकी भारतीय साइट चालतात. सांगलीत बाबांकडे तेच पान लगेच उघडतं. देशाबाहेरच्या पत्त्यांना काही पानं मुद्दाम बंद ठेवलेली असतात, त्यामुळे राउटरवर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही. इथले अनेकजण फुकटचं व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या देशातून जोडल्यासारखं दाखवणारी सेवा, टाकतात. कृपा करून त्यावरून बँकेत किंवा सरकारी पानावर लॉगिन करू नका, तुमचा सगळा प्रवास त्या अनोळखी कंपनीच्या हातातून जातो. मी बाबांना फोन लावते, ते पान उघडतात, मी आकडे सांगते.

लातूर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान

दुकानात 'बँकेची साइट वेगळीच दिसतीय' म्हणून एक आजोबा आले होते. फोन चांगला होता. घरी जाऊन राउटर बघितला तर डीएनएसच्या जागी कुठलेतरी अनोळखी आकडे, आणि राउटरचा पासवर्ड अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, कारखान्यातून आला तसाच. डीएनएस कोणाच्या हातात गेलं की बँकेचं नाव टाकलं तरी भलत्या ठिकाणी नेता येतं. राउटर रीसेट केला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, पासवर्ड बदलला, डीएनएस ८.८.८.८ (गूगलचं) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचं) टाकलं. आजोबांना बँकेत पाठवून नेटबँकिंगचा पासवर्डही बदलायला लावला. साइट उघडत नाही यापेक्षा ती वेगळी दिसते हे जास्त गंभीर. अशा वेळी काही टाइप करू नका.

पुणे, पूर्वी एका इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवर

पलीकडून सांगते. 'नेट स्लो आहे' म्हटलं की आमच्या स्क्रीनवर स्पीडचाच फॉर्म उघडायचा. 'ही ही पानं उघडत नाहीत, ही उघडतात, सगळ्या फोनवर तेच, डेटावर ठीक आहे, एमटीयू आणि डीएनएस तपासून झालं' असं म्हटलं तर तक्रार नेटवर्क टीमकडे जायची शक्यता बरीच वाढते. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्याच. तक्रार न सोडवता बंद केली तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांत ही सोय आहे, पैसे लागत नाहीत. फार कमी लोक तिथपर्यंत जातात, जायला हवं.

नागपूर

धागा पूर्ण वाचला, तरी माझं कोडं बसत नाहीये. यूपीआयचं अ‍ॅप घरच्या वाय-फायवर उघडत नाही, डेटावर उघडतं. बायकोच्या फोनवर तेच अ‍ॅप याच वाय-फायवर चालतं. माझ्या फोनवर ब्राउझरमध्ये सगळं उघडतं, जरा दम खात. व्हीपीएन नाही, खाजगी डीएनएस ऑटोमॅटिक.

धागाकर्ती, पुणे

दादा, तुमचा फोन दुसऱ्या नेटवर ठीक, तुमचं वाय-फाय दुसऱ्या फोनवर ठीक. म्हणजे गडबड तुमच्या फोनने या वाय-फायपुरतं जे साठवून ठेवलंय त्यात असावी. वाय-फायच्या नावाशेजारच्या चाकावर टिचकी मारा, आत आयपी सेटिंग आणि प्रॉक्सी (नेटसाठी मध्यस्थ भरलाय का) बघा. 'दम खात' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

नागपूर

आयपी सेटिंग 'स्टॅटिक', म्हणजे हाताने भरलेलं, होतं! डीएनएस एकमध्ये आमच्या आधीच्या कंपनीचा आकडा, दोनमध्ये ८.८.८.८. पहिला उत्तर देत नव्हता, मग दुसऱ्याकडे जायला वेळ लागत होता. ब्राउझर तेवढा थांबायचा, अ‍ॅप थांबत नव्हतं. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप घ्यायचं) केलं, अ‍ॅप उघडलं, दूधवाल्याचे पैसेही गेले. आईच्या फोनवर ओटीपीचं पान अडकतं म्हणून ती कधीची सांगतेय, आता तिचं सेटिंग उघडून बसलोय. तिथेही स्टॅटिकच आहे.